हातातलं मातीत टाकायचं नाही

आप्पा लाल मातीत उताणे झोपले होते. त्यांचा डावा हात सरळ वर गेला होता आणि त्या मुठीत, खांद्याच्या बरोबर वर, मी आणलेली लोखंडाची थोरली किटली होती.

"आता फुडं काय?" त्यांनी विचारलं.

"नजर किटलीवर ठेवा. दुसरीकडं बघायचं नाही," मी म्हणाले. "डावा गुडघा वर. पाऊल मातीत रोवा."

"रोवलं."

"आता उजव्या कोपरावर या. सावकाश. श्वास कोंडू नका."

"श्वास मला शिकवतीस व्हय, शालन," आप्पा म्हणाले, पण नजर हलवली नाही.

कट्ट्यावर बसलेले शिवाकाका हसले. "गप पड, हिंदूराव. उभ्या आयुष्यात तुला कुणी चीत केलं न्हाई, आज लेकीनं केलं."

आप्पा हसले नाहीत. कोपरावर आले, मग तळव्यावर आले. कंबर उचलली, उजवा पाय अंगाखालून मागे ओढला आणि गुडघा टेकला. मग वड जमिनीतून वर यावा तसे हळूहळू उभे राहिले. किटली डोक्यावर, हात खांबासारखा. मग त्याच वाटेने, एकेक पायरी उलटी उतरत, पुन्हा आडवे झाले. दोन्ही हातांनी किटली छातीशी घेतली, कुशीवर वळले आणि ती मातीवर ठेवली. आवाज आला नाही. निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं, तशी ठेवली.

 

"झालं," मी म्हणाले. "उठा आता. चहाची वेळ झाली."

"झालं कसं?" आप्पा कुशीवरूनच म्हणाले. "अजून उजवा हात ऱ्हायलाय."

त्याच शब्दाची मला ते झोपल्यापासून भीती वाटत होती.

आमच्या गावच्या तालमीत तेव्हा पोरं येईनाशी झाली होती. ती शहरातल्या आरशांच्या जिममध्ये जात. आप्पा वस्ताद, पण पठ्ठे नसलेले. तरी रोज पहाटे हौद्यातली, कुस्तीच्या आखाड्यातली, माती फावड्याने उकरायचे. तिच्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तेल मुरवायचे. माती लोण्यासारखी व्हायची आणि तिच्यावर पाऊल पडायचं नाही. वाढून ठेवलेल्या ताटावर कुणी बसू नये, तसं ते दिसायचं.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कामाला होते. पाठीच्या, खांद्याच्या दुखण्याला व्यायाम शिकवणं हे माझं काम. तिथेच मी केटलबेल शिकले. लोखंडाचा गोळा आणि त्याला वर जाड कडी, एवढंच ते; गावात त्याची किटली झाली. दोन विकत घेतल्या, एक धाकटी, एक थोरली, आणि गावी आणल्या. गावातल्या बाया माझ्याकडे कमरेला हात लावून यायच्या. उसाच्या मोळ्या, वैरणीचे भारे, गॅसची टाकी, सगळं कमरेतून वाकून उचलायच्या आणि मग रात्रभर कण्हायच्या. मला त्यांना उचलणं शिकवायचं होतं. जागा हवी होती. आप्पा म्हणाले, "तालीम हाय की मोकळी. दुपारी घे."

तालमीचे पंच कुरकुरले. बायका हौद्यात कशा, म्हणाले. आप्पा म्हणाले, "माती कुणाला नको म्हणत न्हाई. तुमीच म्हणताय." विषय तिथे संपला.

पण आप्पांनी मला तालमीच्या दोन रीती पाळायला सांगितल्या. पहिली, नवं हत्यार तालमीत आलं की आधी वस्तादाने करून बघायचं, मग पठ्ठ्यांनी. जे वस्तादाने केलं नाही, ते त्या मातीत कुणी करायचं नाही. आणि दुसरी, हातात घेतलेलं वजन मातीत टाकायचं नाही. माती आई. तिच्यावर लोखंड आदळायचं नाही, ठेवायचं.

"आप्पा, ह्याचा पहिला धडाच टाकायचा असतो," मी सांगून पाहिलं होतं. "तोल गेला, मनगट गेलं, की हात सोडायचा आणि पाय बाजूला घ्यायचे. धरून ठेवलं तर माणूस मोडतो."

"ते तिकडं शहरात. तिथं खाली रबर असतंय," ते म्हणाले.

 त्यांच्याशी त्या विषयावर वाद घालणारं गावात कुणी नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांच्या उजव्या हातातच होतं.

ते मनगट वाकडं होतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. जत्रेत देवळापुढे नाल उचलायची चढाओढ होती. नाल म्हणजे आत मूठ कोरलेला दगड, दोघांनी मिळून हलवावा असा. आप्पांनी तो एका हाताने डोक्यावर नेला आणि वरच मनगट मोडलं. तरी सोडला नाही. मोडक्या हाताने, दात आवळून, नाल खाली आणला आणि देवासमोर अलगद ठेवला. ही गोष्ट गावात इतक्यांदा सांगून झाली होती की पाळण्यातली पोरंही ती ऐकत मोठी होत. नवा पोरगा हौद्यात उतरायच्या आधी आई-बाप त्याला आप्पांकडे आणायचे, त्याचा हात त्या वाकड्या मनगटावर ठेवायचे. "बघ. धरायचं म्हंजे असं धरायचं."

घरात ते मनगट वेगळं होतं. थंडी पडली की आई लसूण घालून तेल कढवायची आणि ते चोळत बसायची. आप्पा झोपेत कण्हायचे. मी लहान असताना कण्हणं ऐकून पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. मला वाटायचं, त्या मनगटात कुणीतरी कोंडलंय आणि ते बाहेर यायला बघतंय.

सुरुवातीचे दिवस मात्र आनंदाचे गेले. किटलीचा झोका आप्पांना एका दिवसात आला. बायांना मी सांगायची, खाली बसायचं नाही, ढुंगण मागं न्यायचं. दोन्ही हातांत घागरी असताना दार मागच्या मागं कसं लोटता, तसं. पाठ पाटासारखी सपाट. हात नुसते दोर, ओढायचं काही नाही. कंबर पुढं आली की किटली आपोआप छातीपर्यंत झुलते, आणि तिथे श्वास सोडायचा. आप्पा ते करून दाखवायचे तेव्हा वाटायचं, लोखंडाचं वजनच गेलं. माझी गोदाआत्या, आप्पांची थोरली बहीण, उंबऱ्यात बसून बघायची. एक दिवस तिने त्या झोक्यावर ओवीच धरली.

काळी गं किटली बाई, हिला कान एक
हिच्यासंगं झुलती गं, हिंदूरावाची लेक

बाया हसून हसून लवल्या आणि मग त्याच ओवीच्या ठेक्यावर झुलू लागल्या. 'कान एक' म्हणताना किटली वर, 'लेक' म्हणताना खाली. श्वास आपसूक बसला.

झोपून उठायचा प्रकार मी त्यांना दाखवलाच नव्हता. तो मी एकटीनेच करायची, सगळ्या गेल्यावर. उताणं झोपायचं, वजन वर धरायचं आणि ते तसंच वर ठेवून उभं राहायचं. त्यात मनगट सरळ लागतं. मूठ, मनगट, कोपर, खांदा एका ओळीत, ओळंबा सोडल्यासारखे. मनगट मागे कललं की सगळं वजन कलतं, आणि खाली असतं आपलंच तोंड.

त्या दिवशी आप्पांनी दारातून मला ते करताना पाहिलं.

"हा डाव कुणाला शिकवनार हाईस?"

"कुणालाच नाही. माझ्यापुरता."

"वस्तादापासनं लपवतीस?" ते हसत होते, पण मागे हटले नाहीत. सदरा काढून खुंटीला अडकवत होते. "तू ह्या मातीत केलास. म्हंजे म्या आदी कराया पायजे हुता. राहिलाय तेवढा करतो."

म्हणून ते झोपले होते. डावी बाजू झाली होती. आणि आता ते दुसऱ्या कुशीवर वळत होते.

"आप्पा, उजवा नको."

"का?"

मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं.  आयुष्यभर ज्या हाताला लोक पाया पडल्यासारखे शिवत आले, त्याला मी काय म्हणू?

"धाकटी घ्या मग," मी म्हणाले. "थोरली नको."

"डाव्याला थोरली आन् उजव्याला धाकटी? लोकं काय म्हनतील?"

"लोकं कुठायत? मी एकटाच हाय," कट्ट्यावरून शिवाकाका म्हणाले. ते आप्पांचे जोडीदार, दोघं एकाच मातीत वाढलेले. नाल उचलला त्या दिवशी काका शेजारी उभे होते, आणि गावाला ती गोष्ट तेच सांगत. "आन् मी सांगणार गावाला. तवा थोरलीच घे."

"काका, तुम्ही गप्प बसा की."

"बरं बाई. तुझी तालीम."

आप्पांनी दोन्ही हातांनी किटली छातीवर घेतली. उताणे झाले. डाव्या हाताने आधार देत उजवा हात वर सरळ केला. मग डावा काढून घेतला.

सुरुवातीला मनगट सरळ राहिलं. इतकं सरळ मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, होईल. उजवा गुडघा वर आला. आप्पा डाव्या कोपरावर आले. काळ्या गोळ्याची सावली त्यांच्या गालावरून सरकली आणि मानेवर थांबली.

"तळव्यावर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

ते तळव्यावर आले. बसले. आता कंबर उचलायची होती.

कंबर उचलली नाही.

"आप्पा?"

 त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. मी वर बघितलं. मनगट मागे चाललं होतं. पडत नव्हतं, फार सावकाश चाललं होतं, फुलाचा देठ पाण्यावाचून कलतो तसं. गोळा हाताच्या मागे लोंबू लागला होता, आणि त्याच्या ओढीने अख्खा हात डोक्याकडे येत होता. कोपर अजून ताठ होतं. ते वाकलं की किटली डोक्यावर.

वर जाणं नव्हतं. आडवं होणंही नव्हतं, कारण आडवं होताना ती तोंडावरून जाणार. मधल्या जागी माणूस अडकला होता, आणि मनगट कलत होतं.

"आप्पा, टाका."

"न्हाई."

"उजव्या अंगाला बाहेर ढकला आणि तुम्ही डावीकडं कला. काही होत नाही. टाका."

"मातीत..." त्यांनी दातातून श्वास घेतला. "मातीत न्हाई."

शिवाकाका कट्ट्यावरून उतरले होते. "म्या धरतो वरनं."

"हात लावू नका, काका." मी त्यांच्या छातीला तळवा लावला. "जरा धक्का लागला तरी कोपर जाईल."

काका जागीच थांबले. मग आप्पांच्या कानाशी वाकले आणि बिथरलेल्या बैलाला चुचकारावं तसं म्हणाले, "धर, हिंदूराव. त्या वक्ताला धरलास की रं. आताबी धर. पार कर, गड्या."

मला त्या क्षणी काकांची भीती वाटली. त्यांच्या मायेची. गाव सगळं मिळून त्यांच्या तोंडून बोलत होतं, आणि आप्पा ऐकत होते. मनगटात काहीतरी कडकन वाजलं. बारीक. वाळकी काटकी मोडावी एवढंच. आप्पांच्या ओठातून आवाज बाहेर आला. रात्री पांघरुणातून यायचा, तोच.

"टाका आप्पा, पाया पडते तुमच्या."

त्यांनी किटलीवरची नजर काढली. ती काढायची नसते, पण त्यांनी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्या डोळ्यांत वस्ताद शोधला. तिथे विहिरीच्या काठावर गेलेलं आणि मागे फिरता न येणारं एक पोर होतं. माझ्या जन्माआधीपासून कुणाचीतरी वाट बघत उभं असलेलं.

मग माझ्या हातांनी जे केलं ते मी ठरवलेलं नव्हतं. माझ्या कमरेला पोपटी ओढणी बांधलेली होती. मी ती सोडली. आप्पांच्या उजव्या अंगाला मातीवर पसरली, तिच्या पलीकडच्या कडेला गुडघ्यावर बसले आणि दोन्ही टोकं हातांत धरली. ओटी घ्यायला बाई पदर धरते, तशी.

"आप्पा," मी म्हणाले, "मातीत नका टाकू. माझ्या पदरात टाका."

ते बघत राहिले. घामाचा थेंब भुवईवरून डोळ्यात गेला, तरी पापणी लवली नाही.

"फाटंल की गं," ते म्हणाले.

"फाटू दे."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. मुठीआधी चेहरा सुटला. मग हात बाहेर कलला, बोटं उघडली आणि आप्पा डावीकडे आडवे पडले.

किटली माझ्या गुडघ्यापुढे पडली. आवाज झाला नाही म्हणण्यासारखाच. मऊ, जड, पोटातून आल्यासारखा. ओढणीची टोकं माझ्या बोटांतून हिसकली गेली. कापड मधोमध फाटलं होतं आणि लोखंड त्यातून खाली मातीत अर्धं बुडालं होतं.

मी हलले नाही. माझे हात तसेच पुढे, टोकं धरल्यासारखे.  मग आप्पांचा खोकला ऐकू आला, आणि मी त्यांच्याकडे धावले.

"कुठं लागलं?"

"कुटं न्हाई." ते उठून बसले. उजवा हात डाव्या हातात घेऊन मांडीवर ठेवला. बोटं हलवून बघितली. सगळी हलली. मी मनगट चाचपलं. सुजायला लागलं होतं, पण हाड जागेवर होतं. मी पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. आप्पांनी चाचपू दिलं. लहानपणी मी ज्या हाताला भ्यायची, तो माझ्या हातात कोकरासारखा पडून होता.

शिवाकाका किटलीकडे बघत उभे होते.

"मातीत गेली की रं," ते हळूच म्हणाले. त्यात दोष नव्हता. कुणी गेल्याचं सांगावं, तसा सूर होता.

"मातीत न्हाई. लेकीच्या पदरात टाकली," आप्पा म्हणाले.

 कोनाड्यातल्या मारुतीपुढची उदबत्ती संपत आली होती, तिची राख वाकली आणि पडली. मग आप्पा, आमच्या दोघांकडे न बघता, मांडीवरच्या हाताशी बोलल्यासारखे म्हणाले, "शिवा, त्या वक्ताला बी मला टाकायचा हुता."

"काय?"

"नाल."

काका हसायला गेले आणि थांबले. "कायतरीच बोलतोस. म्या शेजारी हुतो की."

"हुतास. तूच वरडत हुतास, धर म्हणून." आप्पांच्या बोलण्यात राग नव्हता. "मनगट जातंय, मला कळालं हुतं. मोडायच्या आदीच कळालं. सोडणार हुतो. पर समदं गाव बगत हुतं. सोडला तर काय, ह्याचं भ्या वाटलं."

"लोकं म्हणत्यात..." काकांनी सुरुवात केली.

"म्हणू द्यात. धीर कुठला, शिवा. भ्यालो म्हणून धरला."

शिवाकाका हौद्याच्या कडेला बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कितीतरी वर्षं जी गोष्ट ते गावाला सांगत आले, ती जणू त्या टोपीत होती आणि आता तिचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. "मला कदी बोलला न्हाईस," ते शेवटी म्हणाले.

"कुणी कदी पदर धरला न्हाई," आप्पा म्हणाले.

त्या रात्री आईने तेल कढवलं. मनगट चोळताना तिने मला विचारलं, काय झालं. मी म्हणाले, किटली निसटली. "चला, निसटली तर एकदाची," आई म्हणाली आणि चोळत राहिली. आप्पा पडल्या पडल्या झोपले. मी अंधारात कान लावून पडून होते. कण्हणं येईल म्हणून घाबरून वाट बघत होते. ते आलं नाही. त्यानंतर थंडीत मनगट दुखायचं तसं दुखतच राहिलं, पण तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया आल्या. उजव्या हाताला पट्टी होती तरी आप्पांनी पहाटे माती उकरली होती, नेहमीसारखी. एका हाताने उकरली असणार. हौदा लोण्यासारखा सपाट होता. फक्त एका जागी, कालच्या त्या जागी, किटलीच्या आकाराचा खळगा तसाच राहिला होता. फावडं त्याच्या भोवतीने फिरून गेल्याच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या, तुळशीभोवती सारवल्यासारख्या.

गोदाआत्याने उंबऱ्यातून तो बघितला. ती खाली उतरली आणि पायाने बुजवायला गेली.

"हिंदू, हितं उकरायचं विसरलास बघ."

"न्हाई विसरलो. राहू दे," आप्पा कट्ट्यावरून म्हणाले. "शालन आज आदी टाकायला शिकवनार हाय. तिथंच टाका."